गाडी खाली घेणाऱ्यांच्या कैफियतीस उत्तर

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या गॅरेजांपासून शिर्डीच्या रस्त्यावरील टायरवाल्यांच्या दुकानांपर्यंत सध्या एका मताचा मोठा बोलबाला झाला आहे. ते मत असे की, कारखान्यातून आलेली लहान मोटार ही उंच, हडकुळी आणि वळणावर कलणारी अशी जन्मतःच सदोष वस्तू असून, तिच्या मूळ स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी 30-40 मिलिमीटरने गाडी खाली घेणाऱ्या ‘लोअरिंग स्प्रिंगा’ बसविल्या म्हणजे तिच्या रूपाचा, स्थैर्याचा आणि सुरक्षिततेचा तिहेरी उद्धार एका दुपारात होतो. हे मत निव्वळ हौसेच्या नावाने वावरत होते तोवर त्यास उत्तर देण्याचे काही प्रयोजन नव्हते. कारण हौसेला मोल नसते, आणि तिच्याशी वाद घालीत बसण्याइतका अरसिकपणा दुसरा नाही. परंतु आता ही हौस शास्त्राचा अंगरखा चढवून बाहेर पडली आहे. ती गुरुत्वमध्याची भाषा बोलते, जर्मनीचे दाखले देते, आणि ज्याने अशा स्प्रिंगा बसविल्या नाहीत तो आपल्या मुलाबाळांच्या जिवाची हेळसांड करतो, असा उलट आरोपही आता निःशंकपणे करू लागली आहे. तेव्हा या कैफियतीतला मजकूर एकदा नीट तपासून पाहणे भाग आहे.

पूर्वपक्षाचे अव्वल प्रमाण गुरुत्वमध्याचे. आणि ते खोटे नाही, हे आरंभीच मान्य करतो. वळणावर आतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांवर जातो. हा जाणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या सम प्रमाणात आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून उंची घटली की भाराची ही बदली घटते. येथवर वाद नाही. वाद आहे तो किती घटते या प्रश्नाचा, आणि नेमका हाच प्रश्न त्या पक्षाकडून कधी विचारला जात नाही. स्विफ्ट, आय-टेन, टियागो या वर्गातल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 55 सेंटिमीटरांवर आहे असे धरले, तर गाडी 3 सेंटिमीटर खाली घेतल्याने भाराच्या बदलीत शेकडा पाच-साडेपाचांची घट होते. यापलीकडे एक कवडी नाही. झिजून गुळगुळीत झालेले चार टायर बदलून चांगले नवे घातले तर पकडीत पडणारा फरक याहून पुष्कळ मोठा असतो, आणि त्यासाठी चाकांच्या बोल्टांखेरीज गाडीचा एक नटबोल्टही आपल्या मूळ जागेवरून हलवावा लागत नाही.

यावर असे म्हणण्यात येते की, आकडे काहीही सांगोत, गाडी पूर्वीसारखी कलत नाही हे तर डोळ्यांनी दिसते. खरे आहे, परंतु ते श्रेय गाडीच्या ठेंगणेपणाचे नसून नव्या स्प्रिंगेच्या कडकपणाचे आहे, आणि हा कडकपणा उंचीला हात न लावता जाड अँटी-रोल बार घालूनही मिळविता येतो. ठेंगणेपणाने तर या बाबतीत उलट नुकसानच होण्याचा संभव असतो. आपल्याकडील बहुतेक सर्व लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅक्फर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही योजना 1950-51 च्या सुमारास फोर्ड कंपनीच्या इंग्लंडातील कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांतून प्रचारात आली, आणि तिच्यातील अल्पमोली साधेपणामुळे पुढे जगभर पसरली. या रचनेत गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू लोअर आर्मच्या दिशेवरून ठरतो. गाडी खाली बसविली की लोअर आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकाच्या मानाने वर जाते, आणि तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक झपाट्याने खाली सरकतो. म्हणजे गुरुत्वमध्य आणि हा बिंदू यांतील अंतर, जी गाडीला कलविणारी तरफ, ती आखूड होण्याऐवजी लांब होते. आणि नव्या स्प्रिंगेच्या कडकपणाचा बराचसा भाग त्याच स्प्रिंगेने करून ठेवलेले हे कर्ज फेडण्यात खर्ची पडतो. हा जमाखर्च गॅरेजच्या बिलावर कोठेही नमूद नसतो.

पण हे सारे दुय्यम. मुख्य मुद्दा चाकाच्या वरखाली सरकण्याच्या वावाचा आहे. उभ्या गाडीचे चाक बंप स्टॉपला, म्हणजे त्याचा प्रवास अडविणाऱ्या रबराच्या ठोकळ्याला, टेकेपर्यंत 8 सेंटिमीटर वर जाऊ शकते, असे उदाहरणादाखल धरू. गाडी 3 सेंटिमीटर खाली घेतली की उरतात 5. आता स्प्रिंग दबताना जी ऊर्जा पोटात घेते ती दाबाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सबब जो आघात पूर्वी 8 सेंटिमीटरांत जिरत होता तोच 5 सेंटिमीटरांत जिरवावयाचा, तर स्प्रिंग अडीचपटीहून अधिक कडक हवी. बाजारातल्या चांगल्या लोअरिंग स्प्रिंगा मूळ स्प्रिंगांहून बहुधा शेकडा 20 ते 30 कडक असतात. कारण खरोखर अडीचपट कडक स्प्रिंग बसविली तर त्या गाडीत बसून कोणी पाथर्डीपर्यंतही जाणार नाही. मग उरलेला आघात जातो कोठे? तो जातो बंप स्टॉपच्या रबरावर, तेथून स्ट्रटच्या वरच्या माउंटवर, तेथून गाडीच्या पत्र्यावर, आणि अखेर बसणाऱ्याच्या मणक्यावर. ज्या कठोर धक्क्याला आमचे मित्र कौतुकाने ‘स्पोर्टी फील’ म्हणतात तो पुष्कळदा स्प्रिंगेचा नसतोच. स्प्रिंगेने आपले काम रबराच्या एका तुकड्यावर सोपवून हात वर केल्याचा तो आवाज असतो.

सुरक्षिततेचा जो दावा केला जातो त्याचे उत्तर येथेच आहे. वळणावर बाहेरचे चाक आधीच दबलेले असते. त्याच क्षणी त्या चाकाखाली खड्डा किंवा उंचवटा आला, आणि स्प्रिंगेचा वाव संपून चाक बंप स्टॉपवर आदळले, तर त्या एका चाकाची ताठरता एकाएकी कैकपट वाढते, टायर जमिनीवरून उचलला जातो, आणि ज्या पकडीच्या भरवशावर चालकाने वळणात वेग घेतला ती पकड नेमकी हवी असताना हातची जाते. गुळगुळीत वळणावर शेकडा पाचांची कमाई आणि खडबडीत वळणावर भांडवलाचीच बुडवणूक, असा हा व्यवहार आहे. आणि त्यात नफा की तोटा हे ठरविण्यासाठी आपली वळणे कोणत्या जातीची आहेत एवढेच पाहावयाचे उरते.

ती कोणत्या जातीची आहेत, हे नगरकरांना (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी रस्त्यांनी त्याची दखल घेतलेली नाही) मी सांगावे असे नाही. तरी खड्ड्यांच्या नित्य फिर्यादीपलीकडे जाणारी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेचे दोन्ही कालवे वाहू लागले, पुढे मुळा धरणाचे पाणी आले, आणि राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या टापूतली काळी जमीन बारमाही ओली राहू लागली. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता, मग त्याचे डांबरीकरण कितीही प्रामाणिकपणे झालेले असो, हळूहळू लाटांसारखा वरखाली होतो आणि कडेने खचतो. त्यावर गाळपाच्या हंगामात उसाने ओथंबलेल्या दुहेरी ट्रॉल्या ट्रॅक्टरामागून अहोरात्र जातात, नगर-मनमाड रस्त्यावर मालमोटारींची रीघ असते, आणि दोन्ही बाजूंना चाकोऱ्या खोल होऊन मधला भाग उंच राहतो. साइडपट्टीची तर गोष्टच सोडा. समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी डावी चाके खाली उतरवावी तर डांबराची कड कित्येक ठिकाणी वीतभर उंच. अशा रस्त्यावर खड्डा हा अपघात नसून नियम असतो. चाकाचा वाव ही त्या नियमाची तजवीज होय, आणि गाडी बांधणाऱ्याने ती हिशेबाने केलेली असते.

गतिरोधकांचे प्रकरण स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे, कारण तेथे अगदी बिनतोड हिशेब करता येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सुखरूप जाते. लहान गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर सुमारे 2.45 मीटर. ती अशा शास्त्रोक्त गतिरोधकाच्या माथ्यावर मधोमध आली तर तिची चारही चाके त्या गोलाईवरच असतात, आणि गतिरोधकाचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा केवळ साडेचार सेंटिमीटर वर येतो. खाली घेतलेली गाडीही तेथून निभावून जाईल. परंतु आपल्या गावोगावचे गतिरोधक कोणत्या मानकाने बांधले जातात? शाळेपुढे, मंदिरापुढे, सरपंचांच्या दारापुढे रातोरात उगवणारे हे हातभर रुंदीचे डांबराचे उंचवटे दोन्ही चाकांच्या मधोमध संपूर्णच्या संपूर्ण मावतात, आणि त्यांची 10 सेंटिमीटरांची सगळी उंची गाडीच्या पोटाखाली उभी राहते. आता गाडीकडे पाहू. कंपन्या आपल्या लहान गाड्यांची जमिनीपासूनची उंची 160 ते 170 मिलिमीटर सांगतात, आणि हा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसे आणि सामान भरले की ती बारा-तेरा सेंटिमीटरांवर येते. त्यातून आणखी 3 वजा करा. नवी स्प्रिंग कडक असल्यामुळे अर्धापाऊण सेंटिमीटर वाचला असे उदारपणे धरले तरी पोट आणि उंचवटा यांची गाठ बहुधा पडल्याखेरीज राहत नाही, आणि अशा गाठीत उंचवट्याचे काही बिघडत नाही. फुटतो तो चेंबर.

भाराच्या प्रश्नावर प्रतिपक्ष मौन पाळतो, आणि हे मौन समजण्यासारखे आहे. ज्या छायाचित्रांवरून ही हौस पसरली त्यांत गाडीमध्ये एकटा चालक असतो. आपल्या गाडीत कुटुंब असते. मोहटादेवीला किंवा मढीच्या यात्रेला निघालेली अल्टो ज्याने पाहिली आहे, अथवा घोडेगावच्या कांदा बाजारातून परतताना डिकीत दोन गोण्या टाकून आणलेली वॅगन-आर पाहिली आहे, त्याला सांगावे लागत नाही की, सुमारे 900 किलोच्या गाडीत 400 किलोंचा भार ही येथे अपवादाची बाब नसून सणासुदीची वहिवाट आहे. मोठ्या गाडीच्या वजनाच्या मानाने तिच्यातील माणसांचा भार अल्प असतो. लहान गाडीत तो तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा होतो, आणि त्याचा बहुतेक बोजा मागच्या स्प्रिंगांवर पडतो. म्हणून गाडी जितकी लहान तितकी तिला वावाची गरज अधिक. गंमत अशी की गाडी खाली घेण्याचा सोस लहान गाडीवाल्यांनाच सर्वांत जास्त.

‘शर्यतीच्या गाड्या खाली असतात’ हा युक्तिवाद ऐकला की प्रश्न विचारावा, कोणत्या शर्यतीच्या? कोइमतूरच्या करी स्पीडवेवर धावणाऱ्या गाड्या जमिनीला टेकल्यासारख्या असतात, कारण तेथील रस्ता शर्यतीसाठीच केलेला आहे. नाशिकच्या आसपास मुरुमाच्या आणि मातीच्या वाटांवर होणाऱ्या रॅलीत भाग घेणारा माणूस मात्र त्याच जातीची गाडी घेऊन ती उंच करतो आणि तिच्या चाकांना शक्य तितका लांब प्रवास देतो. दोघेही वेगाचेच उपासक. फरक आहे तो पायाखालच्या जमिनीचा. आणि आपली जमीन या दोहोंपैकी कोणाच्या जवळची आहे?

जर्मनीचा दाखला त्याहून मनोरंजक आहे. आयबाख, एच-अँड-आर, बिलस्टाइन ही घराणी मातब्बर आहेत यात शंका नाही, आणि त्यांचा माल गल्लीत स्प्रिंग कापून देणाऱ्याच्या कामाशी तोलणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्या देशात गाडी खाली घेणाऱ्याला त्या स्प्रिंगेबरोबर तज्ज्ञ तपासणी संस्थेचा अहवाल घ्यावा लागतो, ती कोणत्या गाडीवर, किती भाराला, कोणत्या टायरबरोबर चालेल हे त्यात लिहिलेले असते, आणि बसविल्यावर गाडी निरीक्षकापुढे उभी करून बदलाची नोंद करवून घ्यावी लागते. आमचे मित्र स्प्रिंग आयात करतात आणि शिस्त तिकडेच ठेवतात. ज्या नगर शहरात केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 126 व्या नियमानुसार नव्या वाहनांची परीक्षा करण्याचा अधिकार असलेली संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था नांदते, त्याच शहरात स्प्रिंगेच्या योग्यतेला विक्रेत्याच्या तोंडाखेरीज दुसरा दाखला मागितला जाऊ नये, ही विसंगती मला तरी पचत नाही.

आणि नगरकराने यासाठी जर्मनीपर्यंत जावे तरी कशाला? 1994 पासून येथे रणगाड्यांचे संग्रहालय उघडे आहे. मुले तोफांवर चढून छायाचित्रे काढतात; पण तोफ सोडून जरा खाली, चाकांकडे पाहावे. सेंच्युरियनच्या चाकांच्या जोड्यांमध्ये आडव्या निजविलेल्या हॉर्स्टमन पद्धतीच्या स्प्रिंगा दिसतात. विजयंतापाशी आले की त्या नाहीशा होऊन पोटातून आरपार गेलेल्या पिळाच्या दांड्यांवर, म्हणजे टॉर्शन बारवर, गाडा तोललेला आढळतो. आणि आवडी येथे घडलेल्या ‘अर्जुन’ रणगाड्यात तर वायू आणि तेल यांच्या दाबाने स्प्रिंगेचे काम केले जाते. चाळीस-पन्नास टनांचे धूड असमान भूमीवरून वेगाने नेण्यासाठी तीन पिढ्यांच्या अभियंत्यांनी ही जी खटपट केली तिची मुख्य दिशा चाकाला वरखाली जाण्यास अधिक वाव मिळावा हीच होती. रणगाड्याला शत्रूच्या नजरेपासून लपण्यासाठी ठेंगणे असणे आवश्यक असते. तरीही चाकांच्या प्रवासात कपात करून तो ठेंगणा करण्याचे कोणा शहाण्याच्या मनात आले नाही.

स्प्रिंगेची एक-दोन वेटोळी कापून काम भागविणाऱ्यांविषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. त्यांच्या बरोबर उलट दिशेने जाणारा, वेटोळ्यांमध्ये रबराचे बफर कोंबून गाडी उंच करविणारा पंथही आपल्याकडे आहे, आणि तोही तितकाच भ्रांत आहे. दोन्ही प्रकारांत काम करणारी वेटोळी कमी होतात, स्प्रिंग नको तितकी ताठरते आणि तिच्या तारेवर नको तेथे ताण येतो. बसलेल्या शॉकॲब्सॉर्बरवर रबराचा बफर हा उपाय नव्हे.

कायद्याचा आधार मी घेत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या 52 व्या कलमाने गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे, 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या 182-अ कलमात अशा प्रत्येक फेरफारास 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा मुक्रर केलेली आहे. तथापि मूळच्याच जागेवर बसणारी दुसरी स्प्रिंग हा ‘रचनेतील बदल’ होतो की नाही, यावर वकिलांना दोन्ही बाजूंनी बोलता येण्यासारखे आहे. त्यांना बोलू द्यावे. दंड होतो म्हणून एखादी गोष्ट वाईट ठरत नाही, आणि आरटीओच्या नजरेतून सुटली म्हणून चांगलीही ठरत नाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. ज्याला आपली गाडी खरोखर सुधारावयाची आहे त्याने पैसे कोठे घालावेत? माझ्या मते आधी टायरांत आणि त्यांतील हवेच्या दाबात, मग लोअर आर्मच्या झिजलेल्या बुशांत आणि लिंक रॉडमध्ये, आणि त्यानंतर चार चांगल्या शॉकॲब्सॉर्बरांत. शॉकॲब्सॉर्बर हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत उपेक्षित पात्र आहे. तो एकाएकी मोडत नाही, मंद गतीने निकामी होत जातो, आणि मालकाला त्या निकामीपणाची सवय होते. मग गाडी डोलू लागली की दोष स्प्रिंगेला दिला जातो, आणि निर्दोष स्प्रिंग हद्दपार होऊन अपराधी जागच्या जागी राहतो. त्यातच शेकडा 30 कडक स्प्रिंग बसविली की जुन्या शॉकॲब्सॉर्बरची आवर घालण्याची शक्ती गरजेच्या मानाने शेकडा बारांनी आणखी अपुरी पडते, आणि उंचवट्यावर गाडी बसण्याऐवजी उसळते. शिवाय खाली घेतलेल्या गाडीच्या चाकांचे कोन बदलतात. त्यांपैकी ‘टो’, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, अलाइनमेंटवाला जुळवून देतो. पण ‘कॅम्बर’, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, जुळविण्याची सोय आपल्याकडील पुष्कळ लहान गाड्यांत कारखान्याने ठेवलेलीच नसते, आणि टायरची आतली कड तार दिसेपर्यंत खाल्ली गेली तरी बाहेरून पाहणाऱ्याला टायर नवाच भासतो.

इतके सांगूनही, ज्याची गाडी एकट्याची आहे, जो सुपे, शिरूर आणि पुणे या चौपदरी वाटेखेरीज दुसऱ्या रस्त्याला लागत नाही, आणि जो 15-20 मिलिमीटरांवर समाधान मानून त्या स्प्रिंगेला साजेसे शॉकॲब्सॉर्बरही बरोबर घेण्यास तयार आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. इतरांनी खरेदीपूर्वी एक परीक्षा करावी. मागचा शॉकॲब्सॉर्बर बहुतेक लहान गाड्यांत स्प्रिंगेपासून वेगळा असतो. त्याच्या दांड्यावरील आवरण वर सरकवून, दांडा जेथे नळीत शिरतो तेथे प्लास्टिकची एक बारीक पट्टी घट्ट बांधावी, आवरण पुन्हा खाली आणावे, गाडीत पाच माणसे बसवावीत, डिकीत नेहमीचे सामान टाकावे, आणि नेहमीच्याच वेगाने नगरहून करंजी घाट उतरून पाथर्डीला जाऊन यावे. शॉकॲब्सॉर्बर दबताना नळीचे तोंड ती पट्टी वर ढकलते आणि सुटताना तेथेच सोडून देते. म्हणून परत आल्यावर पट्टी आणि वरचा बंप स्टॉप यांत जितके अंतर उरले असेल तितकाच वाव त्या प्रवासात विनावापर राहिला असे समजावे. ते अंतर मोजपट्टीने मोजून लोअरिंग स्प्रिंगेच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याशेजारी लिहावे. ते त्या आकड्याहून जास्त भरले, तर खुशाल गाडी खाली घ्यावी. माझी काही हरकत राहणार नाही.